नांदेडच्या शुगर-फूट सेंटरचा रिव्ह्यू: तपासणी एक नंबर, रिपोर्ट अर्धवट, जिना विचारूच नका

नांदेडला शुगरच्या पेशंटचे पाय तपासून देणारं एक सेंटर आहे, तिथं आमच्या नानांना म्हणजे वडलांना घेऊन गेलतो त्याचा हा रिव्ह्यू. नाव टाकत नाही, कारण कौतुकाबरोबर थोडे वाभाडेबी काढायचेत आणि माणसं मला चांगली वाटली. घाईत असणाऱ्यांसाठी आधीच सांगून टाकतो: तपासणीला ५ पैकी साडेचार, रिपोर्टला अडीच, जिन्याला शून्य.

आमचं लोह्याकडं मेडिकल आहे. मी डॉक्टर नाही, फार्मसी केलेला माणूस आहे, त्यामुळं गोळ्यांबद्दल थोडं कळतंय आणि गिऱ्हाइकांबद्दल जरा जास्त. रोज कोणी ना कोणी काउंटरवर हात टेकून म्हणतंय, "पिंढऱ्या लई भरून यायल्यात, एखादी चांगली गोळी द्या", आणि त्याच पिशवीत शुगरच्या गोळ्यांची रिकामी स्ट्रिप असती. मग बी-१२ घे, कॅल्शियम घे, रात्री तेल चोळ, शेजारणीनं सांगितलं म्हणून गरम पाण्यात पाय बुडवून बस. पायाला रक्तच कमी पोचत असंल हे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

नाना ६७ वर्षांचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर, शुगर पंधराएक वर्षांपासून, बिडी सोडली म्हणतेत पण खिशात काडेपेटी सापडती. माळेगावच्या जत्रेत माझ्या ध्यानात आलं की नाना थोडं चाललं की थांबायलेत. आधी घोडे बघितले, मग गाढवांचा बाजार बघितला, मग कुठं घोंगडीचा भाव विचारला, घ्यायचं तर काहीच नव्हतं. दोन-चार मिनिटं उभं राहिले की एकदम नीट चालायचे आणि तेवढंच अंतर गेलं की पुन्हा काहीतरी बघायला थांबायचे. खोदून विचारलं तवा म्हणले, "डाव्या पिंढरीत गोळा येतो, थांबलं की जातो. वय झालं आता." चाललं की दुखतंय, नुसतं उभं राहिलं की जातंय, परत चाललं की तेवढ्याच अंतरावर दुखतंय, हे पायाला रक्त कमी पोचायच्या आजाराचं अगदी पुस्तकात लिहिलेलं लक्षण आहे. मणक्यामुळं पाय दुखत असंल तर बहुतेक वेळा नुसतं उभं राहून भागत नाही, बसावं नाहीतर पुढं वाकावं लागतंय.

आजाराचं नाव पेरिफेरल आर्टरियल डिसीज, डॉक्टर लोक पीएडी म्हणतेत. पायाकडं रक्त नेणाऱ्या धमन्या आतून चरबी साचून अरुंद होतात, ठिबकच्या नळीत क्षार बसून शेवटच्या झाडापर्यंत पाणी जाईना तसं. शुगर आणि बिडी-सिगरेट ही दोन मोठी कारणं, त्यात बीपी, कोलेस्टेरॉल आणि वय भर घालतेत. शुगरवाल्यांत गुडघ्याच्या खालच्या बारक्या धमन्या जास्त सापडतेत. आणि खरा वांधा असा की शुगरनं बऱ्याच जणांच्या पायाची संवेदनाच गेलेली असती, मग दुखणार काय? नानांना दुखलं हे एका अर्थी नशीबच म्हणायचं. कित्येकांना पहिली खबर लागती ती अंगठ्याची जखम भरायचं नाव घेईना तवा. वरून ज्याच्या पायाच्या धमन्या अशा झाल्या त्याला हार्ट अटॅकचा आणि पॅरालिसिसचा धोकाबी वाढलेला असतो, म्हणजे विषय पिंढरीपुरता नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं टाइप करायलो ती गोष्ट. आपल्याकडं फुकटची शिबिरं लई होतेत, मंगल कार्यालयात नाहीतर शाळेत. तिथं एक मशीन असतंय बायोथेसिओमीटर नावाचं, त्याची थरथरणारी दांडी पायाला लावतेत, जाणवलं की सांगा म्हणतेत आणि आकड्यांचा कागद हातात देतेत. काही ठिकाणी १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा टोचून बघतेत, तो मोनोफिलामेंट. दोन्ही कामाच्याच टेस्ट आहेत, पण त्या संवेदना तपासतेत. रक्त पोचतंय का नाही हे त्यातून कळत नाही, अजिबातच नाही. नानांचं गावातल्या शिबिरात असंच झालतं, कागदावर मोठ्या अक्षरात 'फूट स्क्रीनिंग' छापलेलं, आणि पायाच्या नाडीला एकानंबी बोट लावलेलं नव्हतं. तो कागद नानांनी लॅमिनेट करून ठेवला आणि मी काही बोललो की तोच पुढं करायचे, "माझी झालीय तपासणी, काहून उगं पैसे घालायलास?"

म्हणून या सेंटरचं मला आवडलं ते हे की त्यांनी दोन्ही केलं आणि दोन्ही वेगळं वेगळं समजावून सांगितलं.

तिथली टेक्निशियन पोरगी वयानं लहान पण हात बसलेला. आधी बूट-मोजे काढायला लावले, बोटांच्या मधल्या फटी बघितल्या, टाचेच्या भेगा बघितल्या, दोन्ही पाय हात लावून गरम-गार बघितले. नडगीवरचे केस गेलेत का तेबी बघितलं. मग नाडी. पायाची नाडी दोन ठिकाणी बघतेत, एक पावलाच्या वरच्या बाजूला आणि दुसरी आतल्या घोट्याच्या हाडामागं. डाव्या पावलावरची तिला बोटाला लागंना. पण ती लगेच म्हणली, "काका, घाबरू नका, काही लोकांना ही जन्मतःच लागत नाही, मागची बघू." मागची लागली पण बारीक. असं पेशंटला न घाबरवता बोलणं मी मोठ्या मोठ्या हॉस्पिटलातबी कमी ऐकलंय.

मग आडवं झोपवलं आणि काहीच केलं नाही. नाना दोनदा उठायला लागले, "चालू करा की माय, झोपून काय होणार?" तर तिनं सांगितलं की टेस्टच्या आधी पाच-दहा मिनिटं सपाट झोपून राहायलाच पाहिजे, चालून आल्या आल्या बीपी घेतलं तर आकडा चुकतो. इथं मी अर्धा स्टार जास्तीचा दिला, कारण गर्दी होती, बाहेर लोक कुरकुर करायलते, तरी तिनं ते सोडलं नाही.

टेस्टचं नाव अँकल-ब्रेकियल इंडेक्स, एबीआय. सोपं गणित आहे. दोन्ही दंडांचं वरचं बीपी घ्यायचं, दोन्ही घोट्यांचं वरचं बीपी घ्यायचं, आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्यानं भागायचं, दोन दंडांत जो मोठा असंल त्यानं. घोट्याला स्टेथोस्कोपनं नीट ऐकू येत नाही म्हणून पेनाएवढा डॉप्लर वापरतेत. जेली लावून तो नाडीवर धरला की स्पीकरमधून रक्ताचा आवाज येतो. उजव्या पायाला दोन-तीन ठोक्यांचा टणक आवाज आला, डाव्याला एकच लांबट, दबका, हूऽऽ, हूऽऽ. ते ऐकून नाना पहिल्यांदा गप्प झाले. मीबी त्या पोरीला काही विचारलं नाही.

आकडे देतो, म्हणजे नीट समजंल. उजवा दंड १४८, डावा १४२, म्हणजे भागायचं १४८ नं. उजवा घोटा १५२, इंडेक्स १.०३. डावा घोटा २१४! इंडेक्स १.४५. कागदावर नुसतं बघितलं तर कोणालाबी वाटंल की डाव्या पायात तर रक्ताचा जोर जास्त आहे, मस्तच की. आणि बऱ्याच ठिकाणी इथंच थांबतेत. ०.९० किंवा कमी आलं तर आजार, ०.९१ ते ०.९९ काठावर, १.०० ते १.४० नॉर्मल, आणि १.४० च्या वर गेलं म्हणजे लई चांगलं असं नसतंय, तो आकडा धरताच येत नाही. जुन्या शुगरमध्ये, किडनीच्या पेशंटमध्येबी, धमनीच्या भिंतीत कॅल्शियम बसून ती कडक होती, मग पट्टा किती फुगवला तरी ती दबत नाही आणि बीपी खोटं वाढलेलं दिसतंय. याहून वाईट म्हणजे आतून अरुंद आणि भिंत कडक अशी जोडी जमली की आकडा कधीकधी बरोबर नॉर्मलमध्येबी येऊन बसतो आणि पेशंट पेढे वाटत घरी जातो.

म्हणून अंगठ्याचं बीपी. अंगठ्याच्या बारीक धमन्या सहसा एवढ्या कडक होत नाहीत. बोटाएवढा छोटा पट्टा अंगठ्याला, पुढं लाल उजेडाचा सेन्सर, आणि तसंच भागायचं. ०.७० च्या खाली म्हणजे गडबड. नानांचा उजवा अंगठा ११२, म्हणजे ०.७६. डावा ८०, म्हणजे ०.५४. ठरलं. घोटा म्हणत होता सगळं ठीक, अंगठ्यानं खरं सांगितलं. तुम्ही कुठंबी जा, फोनवर आधी एकच विचारा, "अंगठ्याचं प्रेशर घेता का?" नाही म्हणले तर शुगर जुनी असणाऱ्याला तिथं नेऊ नका, असं माझं मत.

एक बारकी तक्रार इथंच. त्या खोलीत एसी एवढा जोरात की नानांचे पाय गार पडले, आणि पाय गार असले की अंगठ्याचं प्रेशर कमी येऊ शकतंय. पोरीनं पायावर ब्लँकेट टाकलं आणि थांबून परत मोजलं, वर दिलेले आकडे त्या दुसऱ्या मोजणीचे आहेत. पण मशीन गरम होतंय म्हणून एसी बंद करता येत नाही हे उत्तर मला पटलं नाही. घरून जाताना जाड मोजे घेऊन जा. टेस्टच्या आधी चहा, बिडी, तंबाखू काही नको, हे अपॉइंटमेंट देणाऱ्यानं फोनवर सांगायला पाहिजे होतं, त्यानं फक्त "पैसे ऑनलाइन चालतील" एवढंच सांगितलं.

डॉक्टरांबद्दल. मला भीती होती की आकडा बघून लगेच अँजिओग्राफी, स्टेंट, पुण्याला जा, हैदराबादला जा चालू होईल. तसं झालं नाही. त्यांनी बोटं, टाच, फटी परत स्वतः बघितल्या, जखम नाही, रात्री झोपेत पाय दुखत नाही, मग सध्या कापाकापी, धमनीत फुगा घालून ती रुंद करणं, काही नाही. कलर डॉप्लर म्हणजे धमन्यांची सोनोग्राफी करून घ्या म्हणले, तो दुसरीकडं करायचा कारण यांच्याकडं नाही. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी, रक्त पातळ ठेवायची एक गोळी, आणि चालणं. दुखायला लागेपर्यंत चालायचं, थांबायचं, गेलं की परत चालायचं, असं करत ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून कमीत कमी ३ दिवस, निदान १२ आठवडे. नानांना वाटलं दुखतंय म्हणून चालणं बंद सांगतील, निघालं उलटंच. बिडीबद्दल मात्र डॉक्टर एकदम कडक झाले, गोळी एकवेळ विसरली तर चालंल पण बिडी चालणार नाही असं म्हणले (गोळ्या विसरणं मला दुकानदार म्हणून पटलं नाही, पण मुद्दा कळला). काळं पडलं, जखम झाली, बसल्या जागी दुखायला लागलं, किंवा पाय एकाएकी गार-पांढरा पडला तर थांबायचं नाही, त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलला, हे त्यांनी नानांकडून परत म्हणून घेतलं.

आता वाभाडे.

सेंटर दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. ज्यांना चालताना पिंढरी दुखती, ज्यांच्या पायात संवेदना नाही, ज्यांची बोटं आधीच काढलेली आहेत अशा लोकांसाठीचं सेंटर, आणि वर जायला अंधारा, ओला पुसलेला जिना. एक मावशी पायरीवरच बसल्या होत्या, पोरगा वर जाऊन नंबर लावायलता. रिसेप्शनवर विचारलं तर "लिफ्टचं बिल्डिंगवाल्यांना सांगितलंय". कधीपासून सांगितलंय ते त्यानं सांगितलं नाही.

रिपोर्ट. एवढी चांगली टेस्ट करून कागदावर काय दिलं तर डाव्या-उजव्याचे इंडेक्सचे आकडे आणि खाली 'क्लिनिकली कोरिलेट', म्हणजे पेशंटच्या लक्षणांशी जुळवून बघा. प्रत्येक ठिकाणचं प्रेशर नाही, आवाजाच्या लाटांचा ग्राफ नाही. वर दिलेले आकडे मी स्वतः मोबाइलमध्ये लिहून घेतले म्हणून आहेत. उद्या दुसऱ्या डॉक्टरकडं गेलं तर त्यांना १.४५ बघून काय कळणार, का मोजलं, कसं मोजलं? आणि सगळं इंग्रजीत. पेशंट लोह्याचा, कंधारचा, मुखेडचा, त्याला खाली दोन ओळी मराठीत लिहून द्यायला काय जातंय. मागून घेतल्यावर ग्राफची प्रिंट दिली, म्हणजे मशीनमध्ये असतीच, फक्त कोणी मागत नाही.

आणि तो बाहेरचा चप्पल काउंटर. एमसीआरची (मायक्रोसेल्युलर रबराची) चप्पल चांगलीच असती, मऊ असती, संवेदना गेलेल्या पायाला घालायलाच पाहिजे, वाद नाही. पण टेस्ट झाल्या झाल्या दारातच पेशंटला बसवून माप घेणं, आणि सोबत 'नसांना ताकद' म्हणून एक डबा पुढं करणं, हे बरं दिसत नाही. त्या डब्यात काय असतंय हे मला विचारा, मी तेच विकतो. नानांनी चप्पल घेतली, डबा नाही.

तपासणीचे सगळे मिळून १२०० रुपये झाले, डॉक्टरांची फी त्यातच. महाग नाही म्हणणार, स्वस्तबी नाही. ज्यांना परवडत नाही त्यांनी विष्णुपुरीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात सर्जरीच्या ओपीडीत डॉप्लरचं विचारून बघावं. आणि पायाच्या नाड्या बोटानं तपासायला तर कोणत्याबी डॉक्टरला एक मिनिट लागतंय, ते फुकट आहे, फक्त मोजे काढून पाय पुढं करा, ते स्वतःहून म्हणणार नाहीत.

टेस्ट सगळ्यांनी करावी का? नाही, मी तसं म्हणत नाही. अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सनं २०१८ मध्ये सांगितलं होतं की तक्रार नसलेल्या सरसकट लोकांची एबीआय करायला पुरावा पुरेसा नाही. पण शुगर असंल तर हिशोब बदलतो. वय ६५ च्या पुढं, शुगर १० वर्षांच्या वर, डोळ्याला किंवा किडनीला शुगर लागलेली, पायाला जखम किंवा विकृती, यातलं काही असंल तर अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या गाइडलाइनमध्ये ही तपासणी धरलेली आहे. चालताना पिंढरी दुखणारा माणूस तर स्क्रीनिंगच्याबी पुढं गेला, त्याला टेस्ट लागतीच. आणि आपल्याकडं एक जास्तीचं धरा: नवरात्रात अनवाणी राहणारे. माहूरला, तुळजापूरला पायी जाणारे. श्रद्धा तुमची, मी मधी बोलणार नाही, पण शुगर जुनी असंल तर निदान जायच्या आधी पायाचं रक्त आणि संवेदना दोन्ही बघून घ्या, कारण ऑक्टोबरच्या उन्हात तापलेल्या डांबरावर ज्याला चटका कळत नाही आणि ज्याच्या जखमेला रक्त पोचत नाही त्याला देवीबी काय करणार.

मेडिकलवाला म्हणून दोन गोष्टी, ज्या त्या सेंटरवाल्यांनी बोर्डावर लावायला पाहिजे होत्या. पायाला सूज आली, शिरा फुगल्या म्हणून घट्ट स्टॉकिंग लोक आपल्या मनानं घेऊन जातेत. पायाचं रक्त कमी असताना ते घातलं तर उरलेलं रक्तबी अडतंय, म्हणून आधी तपासणी, मग स्टॉकिंग. आमच्या दुकानात शुगर आहे म्हणलं की मी देतच नाही, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातंय, जाऊ दे. दुसरं म्हणजे कुरुपाची पट्टी. तिच्यात सॅलिसिलिक ॲसिड असतंय, ते कुरुपाबरोबर चांगली कातडीबी जाळतंय, आणि ज्याला कळत नाही त्याच्या पायावर ती लावून ठेवली की चार दिवसांनी खड्डा दिसतो. पाकिटावर शुगरवाल्यांनी वापरू नये असं बारीक अक्षरात छापलेलंच असतंय. गरम पाण्याच्या पिशवीचं वेगळं सांगत नाही.

नाना आता रोज संध्याकाळी शेताच्या रस्त्यानं जातेत, दुखलं की बांधावर टेकतेत, परत उठतेत. अंतर वाढायलंय असं ते म्हणतेत, मी काही मोजलेलं नाही. पुढच्या वेळी जाताना लिफ्ट चालू आहे का हे आधी फोन करून विचारणार आहे, आणि चालू असंल तर जिन्याचा शून्य खोडून टाकीन. अपॉइंटमेंट सकाळची घ्या, दुपारी डॉक्टर ऑपरेशनला जातेत आणि मग पाचपर्यंत कोणी विचारत नाही.